मधूचा पिट्ठू

गेली तीस वर्षं मी वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, त्यातली शेवटची आठ मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून. ‘कोऱ्या नकाशात भिलाई दाखवा’ हा प्रश्न मी किती परीक्षांना काढला असेल, देव जाणे. मुली तो ठिपका कधी जबलपूरला देत, कधी पार ओरिसात नेऊन ठेवत, आणि मी तांबड्या शाईनं तो खोडून जागच्या जागी आणत असे. त्या ठिपक्यात माझा सख्खा धाकटा भाऊ राहत होता आणि मी तिथं एकदाही गेले नव्हते.

आता जाऊन आले. स्टाफरूममधल्या बायका ‘कसं आहे हो भिलाई?’ असं जपून, खालच्या आवाजात विचारतात. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्याइतका दम माझ्यात नाही, म्हणून एकदाच लिहून काढते. बारा दिवस मी तिथं होते. धबधबे, देवळं आणि थंड हवा वाचायची हौस असेल त्यांनी इथंच थांबावं, मला राग येणार नाही.

दुर्ग

भिलाईला जायचं तर आमच्याकडची माणसं दुर्गला उतरतात. दुर्ग जुनं गाव, कोर्टकचेऱ्यांचं आणि बाजारपेठेचं. भिलाई त्याच्या शेजारी कारखान्यासाठी वसवलेलं. गाडी सकाळी पोचली. पर्समध्ये तार होती: ‘मधुकर एक्स्पायर्ड कम सून अप्पाराव’. हा अप्पाराव काळा की गोरा, मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत भावाच्या एकाही मित्राचं नाव आपल्याला माहीत नसावं याची लाज मला प्लॅटफॉर्मवर पाय टेकल्यावर वाटली. त्याआधी नाही, खरं तेच सांगते.

एक उंच, सावळा माणूस गर्दीतून थेट माझ्यापाशी आला आणि पायाशी वाकला. डोक्याचा ताजा गोटा केलेला होता. तो पाहिला आणि मला कळलं. माझ्या भावाला अग्नी यानं दिला होता.

‘‘दीदी, एक दिन रुका हम,’’ तो म्हणाला. ‘‘आपका गाड़ी नहीं आया. फिर सब लोग बोला, अब नहीं रखना.’’

मला रडू आलं नाही. मी विचारलं, ‘‘मुझे पहचाना कैसे?’’

‘‘मधू का नाक है आपका.’’

मग मात्र मी नाकाला पदर लावला आणि रिक्षा येईपर्यंत तो खाली घेतला नाही.

अप्पाराव तेलुगू, विजयनगरमच्या बाजूचा. मधूच्या ड्रॉइंग ऑफिसात शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं बसलेला. रिक्षात त्यानं सांगितलं ते एवढंच: मधू सकाळी ड्यूटीला निघाला, सायकलचं कुलूप काढायला वाकला आणि तिथंच बसला, तो उठलाच नाही. बेचाळीस वर्षांचा होता. लग्न केलं नव्हतं. मी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. बाबा गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याचं नाक पुसण्यापासून त्याला पॉलिटेक्निकात घालेपर्यंत सगळं मी केलं. माझंही लग्न राहिलं ते त्यापायीच, असं लोक म्हणतात. मी तसं म्हणत नाही.

सेक्टर

भिलाईचं टाउनशिप मी वर्गात शिकवलं त्याहून फार निराळं नाही, आणि तरीही मी तिथं हरवले. रस्ते पट्टीनं आखलेले, दोन्ही बाजूंना झाडं, प्रत्येक रस्त्याला नंबर, प्रत्येक क्वार्टरला नंबर, आणि सगळे क्वार्टर एकाच साच्यातले. आमच्या वर्ध्यात ‘टाक्याजवळचं पिंपळाचं घर’ म्हटलं की माणूस पोचतो. इथं अंक चुकला की संपलं. दुसऱ्या दिवशी दुधाच्या बूथवरून परतताना मी एका घरात शिरले, भांडं ओट्यावर ठेवलं, आणि आतून एक सरदारीण बाई केस बांधत बाहेर आली. मला भूल पडली होती. पडदासुद्धा मधूच्याच पडद्यासारखा निळा होता. ती बाई रागावली नाही. कोणाकडे आलात विचारलं, मधूचं नाव ऐकल्यावर मला पाटावर बसवलं आणि पेलाभर गरम चहा दिला. सुतकात मी अनोळखी घरचं काही घेत नव्हते, पण तो चहा घेतला.

तिथले लोक घड्याळ सांगत नाहीत, शिफ्ट सांगतात. ‘वो बी शिफ्ट में है’ म्हणजे तो दुपारपासून घरी नाही, हे आपण समजून घ्यायचं. तुळशीच्या पानांवर बारीक तांबूस धूळ बसते, ती रोज पुसली तरी रोज बसते. मल्याळी, बंगाली, बिहारी, उडिया, सगळे एका नळावर. आणि कोपऱ्याकोपऱ्यात आपली नागपूर-काटोलकडची चार घरं.

मधूच्या शेजारच्या कुसुमवहिनी काटोलच्या. यजमान कारखान्यात क्लार्क. मी आल्यापासून सकाळ-संध्याकाळ माझं जेवण त्याच आणत होत्या. तांदळाच्या पिठाचे फरे, लसणाची चटणी, नुसतं वरण. छत्तीसगडात राहून त्या भाताळू झाल्या होत्या आणि मला पोळी मिळत नाही म्हणून ओशाळत होत्या. ‘‘भाऊच होते माहे ते,’’ पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. ‘‘दर दिवाळीले मले लुगडं देत. हे अंगावरचं पाहा, यंदाचंच हाये.’’

जांभळ्या काठाचं, चांगल्या पोताचं लुगडं होतं. मी ‘छान आहे’ म्हटलं. दर दिवाळीला म्हणजे भाऊबीजेला. म्हणजे त्यानं दुसरी बहीण पाहिली होती.

खोलीत सामान थोडं. एक कॉट, पुस्तकांची रॅक, स्टोव्ह, आणि दाराच्या मागे खुंटीला टांगलेला पिट्ठू. पाठीवर घ्यायची मोठी पिशवी. तिकडं सगळे पिट्ठूच म्हणतात. मी शाळेच्या सहलींना पुष्कळ पिशव्या पाहिल्या आहेत, पण ही बाजारातली नव्हती. ट्रकवर टाकतात तसल्या जाड ताडपत्रीची, प्रत्येक शिवण दुहेरी, पट्टे चार बोटं रुंद आणि आतून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गादी लावलेली, कमरेला बांधायला वेगळा पट्टा. काळवंडलेली, ठिकठिकाणी चकाकणारी, आणि वास असा की मी खिडकी उघडली.

शिवनाथ

पोचले त्याच दुपारी अस्थी घेऊन आम्ही शिवनाथ नदीवर गेलो. दुर्गच्या पलीकडे ती वाहते. थंडीतलं पाणी, खडकांतून वाट काढत जाणारं, काठाला बाभळी आणि ओलाव्यात लावलेल्या वांग्यांच्या ओळी. आमच्या धाम नदीपेक्षा पात्र मोठं, घाई कमी. अप्पारावानं कलश माझ्या हातात दिला आणि तो चार पावलं मागं उभा राहिला.

परतताना तो बोलू लागला. मधूला चालण्याचं वेड होतं. रविवारी उजाडायच्या आत चौघं-पाचजण निघायचे आणि दिवे लागायला परतायचे. कधी हा शिवनाथचा काठ, कधी तांदुलाचं धरण, कधी गाडीनं दल्लीकडे जाऊन तिथल्या डोंगरांत. सगळ्यांचा डबा, दोरी, औषधं, पाणी, सगळं मधूच्या पिट्ठूत. ‘‘हम लोग बोलता था, थोड़ा हमको दो. वो बोलता था, मेरा पीठ को आदत है.’’

मी विचारलं, जे विचारायला मी वर्ध्याहून निघाल्यापासून धीर गोळा करत होते. ‘‘माझ्याबद्दल काही बोलायचा? रागावला होता का माझ्यावर?’’

अप्पाराव रस्त्याकडे पाहत म्हणाला, ‘‘फैमिली का बात हम पूछा नहीं, दीदी. वो बोला भी नहीं.’’

तर ते आता सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी आई आजारी पडली. डॉक्टरांनी चार-आठ दिवस सांगितले. मी मधूला तार केली नाही. आमच्याकडे तार म्हणजे मेल्याचीच. तार हातात पडली की पोराचं काळीज फाटेल, गाडीत वेडंवाकडं काही व्हायचं, म्हणून मी पत्र टाकलं. सावकाश, समजुतीचं, ‘घाबरू नकोस, पण येऊन जा’ असं. आई तिसऱ्या दिवशी गेली, तेव्हाही तो पत्र मिळून निघालाच असेल असं धरून मी तार केली नाही, आणि पत्र ती गेल्यावर नवव्या दिवशी पोचलं. मधू आला तेव्हा दहावा होता. सगळ्या नातेवाइकांसमोर तो ओरडला, ‘‘ताई, तू मला माझ्या आईचं तोंड पाहू दिलं नाहीस!’’ मी दहा दिवसांची दमलेली, चिडलेली. मीही चार शब्द बोलले. तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. तो येत नाही तर मी कशाला वाकू, असं मी म्हणत राहिले, आणि वर्षं गेली.

माझ्या भावानं जाताना माझ्यावरचा राग सोडला होता की नव्हता, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मी भिलाईत शोधत नव्हते.

दहावा दिवस

आपल्याकडे दहाव्याला घर धुऊन काढतात. भांडी, अंथरुणं, पडदे, सगळं. मी पहाटे उठून नळाला बसले. मधूचे शर्ट धुतले, चादरी धुतल्या, खुंटीवरचा पिट्ठू काढला. तसला ओशट, वास मारणारा जिन्नस सुतकाच्या घरात तसाच कसा ठेवायचा? मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, धुण्याचा सोडा टाकला आणि पिट्ठू त्यात बुडवला. पाण्यावर पिवळट तवंग आला. मला बरं वाटलं, मळ निघतोय म्हणून. मग दगडावर उलटा करून ब्रशनं आतून-बाहेरून घासला. वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या खुणा होत्या, ओळीनं, एकीखाली एक. खडूचे डाग असतील म्हणून त्यावर हात जरा जास्तच चालवला. चष्मा आत टेबलावर होता.

कुसुमवहिनी कुंपणापाशी आल्या. ‘‘ताई, कावून धुऊन राह्यले त्याले? मेण लावलं हाये त्याले भाऊंनं. पानी आत जाऊ नये म्हनून दरसाल लावत.’’

‘‘मेण असो की तूप,’’ मी म्हटलं, ‘‘दहावा आहे. घरात काही पारोसं ठेवायचं नाही.’’

मी ही अशी बोलते. तीस वर्षं वर्गात बोलून जिभेला ते वळण पडलं आहे. वहिनींनी दुसरं टोक धरलं आणि त्याच मला पिट्ठू पिळू लागल्या. दोरीवर वाळत घातला तेव्हा तो खाकी, स्वच्छ, निराळाच दिसत होता.

तेराव्याला ऑफिसातली माणसं जेवायला आली. अप्पाराव हात धुवायला मागं गेला तो बराच वेळ आला नाही, म्हणून मी पाहायला गेले. तो दोरीपाशी उभा होता. पिट्ठूचं झाकण उलटं करून दोन्ही हातांत धरलं होतं आणि तो ते उजेडाकडे फिरवून पाहत होता.

‘‘दीदी, इसका लिखाई किधर गया?’’

‘‘कसली लिखाई?’’

मग त्यानं सांगितलं, आणि मी नळाच्या कट्ट्यावर बसून ऐकलं. बाकी सगळ्या वाटा मधू मित्रांबरोबर चालायचा. वर्षातला एक दिवस मात्र एकटा. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पिट्ठू भरून निघायचा, कुणाला बरोबर घ्यायचा नाही, कुठं जातो सांगायचा नाही. अंधार पडता परतायचा आणि कारखान्यात लोखंडावर खुणा करायला पांढऱ्या दगडाची कांडी असते, तिनं झाकणाच्या आत एक ओळ लिहायचा. दरवर्षी एक. अप्पारावानं ती लिहिताना त्याला पाहिलं होतं, ओळी पाहिल्या होत्या.

‘‘काय लिहिलं होतं?’’

‘‘हमको नागरी पढ़ना नहीं आता, दीदी. तेलुगू आता है, इंग्लिश आता है. पूछा था एक बार. हँसा, बोला, हाज़िरी लगाता हूँ.’’

मी उठून झाकण हातात घेतलं. चष्मा लावून पाहिलं, ओलं करून पाहिलं, उन्हात तिरपं धरून पाहिलं. एक काना नाही, एक मात्रा नाही. मी चांगलं घासलं होतं. त्यानं लिहून ठेवलेलं एकच काही होतं, आणि ते मी माझ्या हातानं सोड्याच्या पाण्यात घालवलं. इतक्या दिवसांत मी तिथं पहिल्यांदा मोठ्यानं रडले. आतली पंगत थांबली. थांबू दे म्हटलं.

सुपेला

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं मी निघणार होते. सकाळी वहिनी शिदोरी घेऊन आल्या आणि अडखळत म्हणाल्या, ‘‘ताई, एक सांगू का? मागं एकदा दिवाळीनंतर मी बसनं जाऊन राह्यली होती. भाऊ मले रोडवर दिसले, पिट्ठू घेऊन. दुर्गकडे चालत जाऊन राह्यले होते.’’

डोंगर नाही, धरण नाही, दुर्ग. मी अप्पारावाला म्हटलं, रिक्षा नको, मी दुर्गपर्यंत चालत जाणार. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘पाय पाहू नका, भूगोलाची बाई आहे मी.’’ पिट्ठूत माझे कपडे, मधूचे दोन शर्ट आणि शिदोरी भरली आणि तो पाठीवर घेतला. मधू मोठ्या खांद्यांचा, त्यामुळं पट्टे लोंबत होते. अप्पारावानं ते आवळून दिले. ओझं जाणवलंच नाही, हे मला सांगायला हवं. ते खांद्यांना न काचता कमरेवर उतरत होतं आणि पाठ आपोआप सरळ राहत होती.

सुपेल्याच्या चौकात आलो आणि टाउनशिपची शिस्त संपली. हातगाड्या, टेम्पो, सायकली, भजी तळणारे, टायरवाले, सगळे एकमेकांच्या अंगावर. तिथं एका सायकलवाल्यानं मला धडक दिली. मी पडले नाही, पण पिट्ठूच्या पट्ट्याची कडी निघाली. ‘‘ठीक है, बनाने वाला इधर ही है,’’ अप्पाराव म्हणाला आणि मला गल्लीतल्या एका दुकानात घेऊन गेला. ट्रकच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवणारा म्हातारा कारागीर मशीनवर बसला होता. पिट्ठू पाहताच त्यानं पाय थांबवले.

‘‘मराठी साहब का है. काग़ज़ पे नक़्शा बनाके लाए थे, पूरा नाप के साथ. तीन बार उधड़वाया मुझसे.’’ त्यानं कापड चिमटीत धरलं, चोळलं, वास घेतला. ‘‘मोम किसने निकाला?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं. ‘‘मैंने धोया.’’

अप्पारावानं त्याला हळूच काय झालं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कडी बसवली, जाड सुईनं टाके घातले, दातानं दोरा तोडला. कापड अजून वीस वर्षं टिकेल म्हणाला. मेण पुन्हा लावता येईल, मऊ आचेवर, अळशीच्या तेलात. मी मान डोलावली. माझा गेलेला जिन्नस मेण नव्हता, पण त्याला ते काय सांगणार. पैसे देऊ लागले तर त्यानं हात मागे घेतले.

पुढचा रस्ता सरळ आणि रुक्ष. मोठमोठे ट्रक, कडेला शेतं, धान काढून झालेलं, खुंट उरलेले. एका झाडाखाली आम्ही शिदोरी सोडली. अप्पारावानं त्याच्या बायकोनं दिलेला चिंचेचा भात काढला. तोंड आंबट-तिखटानं भरून आलं आणि मी दोनदा मागून घेतला. पावलोपावली मी विचार करत होते, मधू इथं कशाला येत असेल. इथं पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

पुन्हा दुर्ग

स्टेशनात शिरलो तेव्हा गाडीला तासभर होता. अप्पाराव तिकिटाच्या रांगेत उभा राहिला आणि मी प्लॅटफॉर्मवरच्या चहाच्या गाड्यापाशी बाकावर पिट्ठू ठेवला. चहावाला छत्तीसगडी, पन्नाशीचा, कानात तुळशीची काडी. त्यानं पिट्ठूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पिट्ठूकडे पाहिलं.

‘‘ये तो बाबूजी का पिट्ठू हे! धुल गया हे, पर वही हे. बाबूजी कहाँ हें?’’

मी सांगितलं. त्यानं हातातली किटली खाली ठेवली.

‘‘आप कौन?’’

‘‘बहन.’’

‘‘वर्धा वाली?’’

मी मान हलवली. वर्धा त्याला कसं ठाऊक, हे मी विचारायच्या आतच तो स्वतःच बोलू लागला. दर दिवाळीनंतर भाऊबीजेच्या दिवशी बाबूजी चालत यायचे. तिकीट काढायचे, वर्ध्याचं. याच बाकावर बसायचे. पिट्ठूत वर लुगड्याचं पुडकं असायचं, ते काढून नीट झटकून पुन्हा ठेवायचे. नागपूरकडची गाडी आली की उठून पिट्ठू पाठीवर घ्यायचे, डब्याच्या दारापर्यंत जायचे. गाडी सुटायची. ते तिथंच उभे. मग परत येऊन चहा घ्यायचे आणि तिकीट याच्याकडे देऊन म्हणायचे, फाडून टाक.

‘‘एक साल मेंने पूछ लिया. बाबूजी, जाते काहे नहीं? बोले, दीदी का चिट्ठी नहीं आया. बोली थी, मेरा चिट्ठी आए तब आना. मेंने कहा, ग़ुस्सा हो? तो हँसे. बोले, दीदी से कौन ग़ुस्सा होगा, मेरे को पाला हे उसने.’’

मी बाकावर बसले. वहिनींच्या अंगावरचं जांभळ्या काठाचं लुगडं माझं होतं. दरवर्षी ते या बाकापर्यंत येऊन परत गेलं होतं. अप्पाराव तिकीट घेऊन आला, त्यानं माझं तोंड पाहिलं आणि चहावाल्याला तेलुगू-हिंदीत काही विचारत राहिला. मला ते ऐकू येत नव्हतं.

वर मी लिहिलं आहे की आईच्या दहाव्याला मीही चार शब्द बोलले. ते कोणते, ते लिहायचं मी टाळलं. खरं तर मी ते विसरलेच होते. रागात माणूस काय काय बोलतं. मी म्हणाले होते, ‘‘मी पत्र टाकून बोलावल्याशिवाय या घराची पायरी चढू नकोस.’’ तो लहानपणापासून माझा शब्द मोडत नसे. शाळेच्या फाटकाशी उभा राहा म्हटलं, की मी येईपर्यंत उन्हात उभा राहायचा. मला वाटत राहिलं तो रुसला आहे, आणि तो पत्राची वाट पाहत होता. मधू, अरे, एकदा तरी मोडायचास रे माझा शब्द. चढायचं होतंस गाडीत. मी दारात उभी राहून ओरडले असते आणि मग पाट मांडला असता.

गाडी आली. अप्पारावानं मला हाताला धरून चढवलं आणि खिडकीतून म्हणाला, ‘‘दीदी, हम चिट्ठी लिखेगा. इंग्लिश में.’’ मी म्हटलं, लिहा, मीही लिहीन. पिट्ठू मी मांडीवर घेऊन बसले, वर्धा येईपर्यंत.

सोमवारी शाळेत गेले. माझ्या टेबलाच्या उजव्या खणात कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा असतो. एखादी मुलगी आठवडाभर आली नाही, नापास झाली, फी राहिली, की मी तिच्या वडिलांना एक कार्ड टाकते: ‘कृपया येऊन भेटावे.’ या अकरा वर्षांत मी अशी शेकड्यांनी कार्डं टाकली आहेत. कोण हिंगणघाटहून आलं, कोण सेलूहून बैलगाडीनं आलं, एक जण तर ताप अंगात घेऊन आला. ज्यांना ज्यांना बोलावलं, ते सगळे येऊन गेले.